फायटर मासा, काच आणि खोलीतला उजेड

फायटर घरी आणला की आठवडाभरात बहुतेकांना एक दृश्य दिसतं. संध्याकाळी टाकीवरचा दिवा लागतो आणि मासा एका ठरावीक काचेपाशी जातो. कल्ल्यांची झाकणं उघडतो, गळ्याखालची पातळ कातडी फुलवतो (हौशी मंडळी तिला दाढी म्हणतात), सगळे पर ताणतो आणि काचेला लागून वर-खाली येरझाऱ्या घालायला लागतो. मुलं खूश होतात, शेजारच्यांना बोलावून दाखवतात. मासा मजेत खेळतोय असा सगळ्यांचा समज होतो. खरं तर त्याला काचेत स्वतःचीच छबी दिसत असते आणि आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून तो त्याला हाकलत असतो.

हा मूळचा थायलंडचा मासा, भातखाचरांत, दलदलीत, गवताळ उथळ पाण्यात राहणारा. शास्त्रीय नाव 'बेट्टा स्प्लेंडेन्स', जे चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० साली दिलं. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. माणूस त्याला निदान हजार वर्षं पाळत आला आहे, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसून आलं. या काळातला मोठा भाग त्याची निपज झुंजीसाठीच होत होती. आज दुकानात दिसणारे लांब शेपटीचे, निळे-लाल नर रंगासाठी आणि परांसाठी निवडलेले असले तरी अंगातलं भांडण गेलेलं नाही. मोकळ्या पाण्यात दोन नर समोरासमोर आले तर फुगवाफुगवी होते, एखादा चावा बसतो आणि एकजण हार मानून गवतात पसार होतो. काचेतला नर मात्र हार मानत नाही आणि पळूनही जात नाही. हा जितका फुगेल तितकाच तोही फुगतो. त्यामुळे भांडणाचा निकालच लागत नाही, आणि माशाला त्रास होतो तो या न लागणाऱ्या निकालाचा.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकू येतो की माशाला आरसा आवडतो. त्याला आधारही आहे. ट्रॅव्हिस थॉम्पसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रयोग करून दाखवलं, की आरशातली छबी दिसावी म्हणून फायटर मुद्दाम एका कड्यातून पोहून जायला शिकतो. पण छबी बघायला तो धावतो यावरून त्याला त्यात सुख वाटतं असं म्हणणं मला पटत नाही. दारात कोणी आलं की कुत्राही दर वेळी धावत जाऊन भुंकतो. दिवसभर दारात कोणी ना कोणी उभंच राहिलं तर त्या कुत्र्याचं काय होईल, एवढा विचार पुरे आहे.

आता काळजी कधी करायची? थोडा वेळ फुगला आणि मग आपल्या उद्योगाला लागला, पानावर जाऊन टेकला, वर येऊन हवा घेतली, दाणे खाल्ले, तर काहीही करू नका. निरोगी नर अधूनमधून फुगणारच. पण दिवा लागल्यापासून विझेपर्यंत तो एकाच काचेला चिकटलेला असेल, दाणे टाकले तरी लक्ष देत नसेल, रंग उतरला असेल, पर अंगाला मिटून घेतले असतील किंवा शेपटीची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर हातपाय हलवायला हवेत. लांब शेपटीचे नर कावले की स्वतःचीच शेपटी चावतात. ती पुन्हा वाढते, पण दरम्यान जखमेत बुरशी शिरू शकते.

काचेला लागून येरझाऱ्या घालण्याची इतरही कारणं असतात. पाण्यात अमोनिया साठला की मासा असाच सैरभैर होतो. टाकी फार लहान असली तरी होतो, आणि दाणे देण्याची वेळ झाली की तुम्हाला बघूनही होतो. म्हणून आधी कारण छबीच आहे ना, याची खात्री करून घ्या. ते सोपं आहे. मासा येरझाऱ्या घालत असताना खोलीतली ट्यूब लावा आणि टाकीवरचा दिवा बंद करा. जागेवरून हलू नका, नाहीतर तो तुमच्याकडे बघत बसेल. थोड्याच वेळात तो शांत होऊन काच सोडून गेला तर कारण छबीच. तसाच धुमसत राहिला तर काचेला कागद किंवा रंग लावण्याच्या भानगडीत पडण्याआधी पाणी बदला आणि फिल्टर बघा.

काच आरसा का होते

रातराणीने मुंबईला जाताना आत दिवा असेपर्यंत एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. कंडक्टरने दिवा मालवला की बाहेरचा घाट, झाडं, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दिसायला लागतात. काच तीच, फक्त आतला आणि बाहेरचा उजेड यांचं प्रमाण बदललं. टाकीतल्या माशाची गत आत दिवा लावलेल्या एसटीतल्या प्रवाशासारखी असते.

याच्या मागचं गणित थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. टाकीतून बाहेर जाणारा उजेड दोन ठिकाणी अडू शकतो. पाणी आणि काच भेटतात तिथे तो जवळपास अडतच नाही, अर्धा टक्कासुद्धा परत फिरत नाही. काच आणि बाहेरची हवा भेटते तिथे सरळ आलेल्या उजेडातला साधारण चार टक्के परत फिरतो. म्हणजे माशाला दिसणारा आरसा काचेच्या आतल्या अंगाला नसून बाहेरच्या अंगाला, हवा लागते त्या पृष्ठभागावर असतो. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण काचेपलीकडे अंधार असेल तर तेवढ्या उजेडात मासा स्वतःला स्पष्ट बघू शकतो. पलीकडे उजेड असेल तर ते चार टक्के त्यात बुडून जातात.

ही झाली समोरून बघण्याची गोष्ट. तिरकं बघितलं की मामला आणखी पुढे जातो. काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून साधारण एकोणपन्नास अंशांपेक्षा जास्त कलून माशाने काचेकडे बघितलं, तर पाण्यातला उजेड बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. तिथे काच हा पक्का आरसा असतो, आणि खोलीत कितीही उजेड करा, तो पुसला जात नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या काचेतून तिरकं, बाजूच्या काचेकडे बघा. ती चांदीसारखी चमकते आणि तिच्यात झाडं, वाळू, मासा सगळं दुसऱ्यांदा दिसतं. आता अंगठा पाण्यात बुडवा आणि त्या बाजूच्या काचेवर बाहेरून दाबून धरा. आरशात एक भोक पडतं आणि त्या भोकात तुमच्या अंगठ्याच्या रेषा न् रेषा दिसतात. जिथे कातडी काचेला नीट चिकटली तिथे आरसा मेला. दोन रेषांमधल्या खाचेत हवा राहिली तिथे तो अजून चमकतो आहे. कागद लावायचा की रंग, आणि लावायचा तर कसा, याचं उत्तर त्या अंगठ्यात आहे.

मागची आणि बाजूच्या काचा

बहुतेक लोक पहिला उपाय म्हणून टाकीच्या मागे काळा कागद लावतात. दिसायला तो उत्तम, लाल फायटर काळ्यावर उठून दिसतो. पण छबीच्या दृष्टीने नुसता टेकवलेला काळा कागद म्हणजे आगीत तेल. कागद आणि काच यांच्यात हवेचा पातळ थर राहतो, म्हणजे आरसा जागेवरच असतो. त्यात पलीकडे मिट्ट काळं, म्हणजे छबी आणखी स्पष्ट. दुकानात मिळणारी निळी किंवा प्रवाळाची चित्रं छापलेली चकचकीत शीट सेलोटेपने लावली तरी तेच होतं.

नुसता कागद लावायचा असेल तर फिका आणि खरखरीत लावा. मुलांच्या वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद इथे उत्तम काम करतो. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि एक मंद असते. मंद बाजू काचेकडे ठेवा. टाकीतल्याच दिव्याचा उजेड त्या कागदावर पडून सगळीकडे पसरतो आणि छबी त्यात फिकी पडते. पांढराशुभ्र कागदही हे काम करेल, पण सगळीकडून पांढऱ्या भगभगीत टाकीत फायटर बुजतो. खाकी, फिका हिरवा, मातकट रंग बरा.

कागद काचेला ओला चिकटवता आला तर सगळ्यात चांगलं. नुसत्या पाण्याने चिकटवलेला कागद वाळेपर्यंत छान काम करतो, मग हवा शिरते आणि आरसा परत येतो. न वाळणारं काहीतरी हवं. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन त्यासाठी योग्य. काच बाहेरून स्वच्छ पुसा, बोटाने ग्लिसरीनचा पातळ हात फिरवा, कागद वरच्या कडेपासून टेकवत खाली आणा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधले बुडबुडे कडेला ढकलून काढा. कडा टेपने बंद करा. खोबरेल तेलही चालतं आणि थंडीचे दिवस सोडले तर आपल्याकडे ते पातळ असतं, पण आपल्या रत्नागिरीत तेलाचा थेंब कुठेही सांडला की मुंग्यांची रांग लागलीच समजा. ग्लिसरीन किंवा तेल पाण्यात मात्र पडू देऊ नका. पृष्ठभागावर तेलाची साय आली तर फायटरला जड जाईल, कारण तो वर येऊन तोंडाने हवा घेणारा मासा आहे.

टाकी अजून रिकामी असेल तर सरळ रंगच द्या. मागची काच आणि एक बाजू, बाहेरून, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात. रंग काचेला घट्ट बसतो, मध्ये हवा उरत नाही, म्हणून इथे काळा रंगसुद्धा बिनधास्त चालतो. काळा कागद वाईट आणि काळा रंग चांगला, हे ऐकायला विचित्र वाटेल. ज्याने अंगठ्याचा प्रयोग केला त्याला वाटणार नाही. मन बदललं तर ब्लेडने रंग खरवडून निघतो. आतून रंग देऊ नका, आणि माशासकट भरलेल्या टाकीला बाहेरूनही देऊ नका. रंगाचा वास आणि शिंतोडे पाण्यात जातातच.

यापेक्षाही सोपा उपाय आहे, तो म्हणजे काहीही न करणं. मागच्या आणि बाजूच्या काचांवर शेवाळाचा जो हिरवा-तपकिरी थर चढतो तो घासू नका. घासणी फक्त पुढच्या काचेवर चालवा. महिन्या-दीड महिन्यात उरलेल्या काचा आपोआप मंद होतात, आणि त्या थरावरचे सूक्ष्म जीव पाणीही थोडंफार साफ ठेवतात. शोभेच्या दृष्टीने लख्ख टाकी आवडणाऱ्यांना हे पचत नाही, पण फायटरला शेवाळलेली काच लख्ख काचेपेक्षा कितीतरी बरी.

पुढची काच आणि दिवा

पुढच्या काचेला रंगही देता येत नाही आणि कागदही लावता येत नाही, कारण बघायचं तिथूनच. इथे सगळी भिस्त उजेडावर.

आपल्या मनात टाकीचं एक ठरलेलं चित्र असतं. ते मत्स्यालयांनी घालून दिलेलं आहे. रत्नागिरीत झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय लहानपणी न पाहिलेला माणूस विरळा, आणि पूर्वी मुंबईला गेलेल्यांनी तारापोरवाला पाहिलेलं असतं. मत्स्यालयांची सर्वसाधारण रीत अशी, की बघणारे मंद उजेडात आणि मासे झगझगीत उजेडात. त्यामुळे बघणाऱ्याला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही आणि मासे स्वच्छ दिसतात. तिथल्या मोठ्या टाक्यांत, कळपाने फिरणाऱ्या माशांना त्याचं सोयरसुतक नसतं. पण तीच हौस घरी केली, हॉलमधले दिवे मालवून फायटरच्या टाकीवरचा एलईडी तेवढा लखलखत ठेवला आणि समोर बसून टीव्ही बघितला, तर माशाच्या चारही बाजूंना आरसे उभे राहतात.

आपल्या जुन्या घरांची ठेवणही यात भर घालते. कौलारू घराचं माजघर भर दुपारीही अंधारं असतं. तिथे कोनाड्याशी टाकी ठेवली आणि दिवसभर दिवा लावला की झालं. पडवीत भरपूर उजेड असतो, छबी दिसत नाही, पण पडवी पश्चिमेची असेल तर दुपारचं ऊन थेट टाकीवर येतं. पाणी तापतं आणि आठ दिवसांत हिरवं होतं. मधली जागा शोधायची. ओटीवर किंवा हॉलमध्ये खिडकीच्या समोरच्या भिंतीला टाकी ठेवा, म्हणजे खिडकीतला उजेड पुढच्या काचेवर येईल पण ऊन पोचणार नाही. आपल्याला मग काचेवर खिडकीची चौकट चमकताना दिसते, बघायला त्रास होतो. तो होऊ द्यावा. आपल्याला जी चमक नको असते तीच माशाच्या कामाची असते, कारण बाहेरचा तो उजेड आतल्या छबीवर पडदा टाकतो.

खरी अडचण जून ते सप्टेंबर. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत चार महिने घरात संध्याकाळच असते. मे महिन्यात शांत असलेला फायटर जुलैत अचानक काचेशी भांडायला लागतो आणि लोक पाण्याला किंवा दाण्यांना दोष देतात. पाणी तेच असतं. बाहेरचा उजेड गेला आणि टाकीवरचा दिवा तेवढ्याच जोरात राहिला, म्हणून काच बदलली. पावसाळ्यात टाकीवरचा दिवा मंद करा किंवा टाकीसमोरच्या भिंतीवर एक साधा बल्ब लावून ठेवा. दोन्ही केलं तर उत्तम.

दिव्याची रीत अशी ठेवा: सकाळी आधी खोलीत उजेड, मग टाकीत. रात्री आधी टाकीतला दिवा बंद, मग खोलीतला. दिवसाकाठी सात-आठ तास दिवा पुरे, झाडं असली तरी. दिवा टाकीच्या मधोमध किंवा पुढे न ठेवता मागच्या काचेकडे सरकवा. माशाचं तोंड पुढच्या काचेकडे असताना त्याच्या तोंडावर कमी उजेड पडतो आणि छबी काळपट होते. क्लिप लावायचे स्वस्त एलईडी फार प्रखर असतात आणि त्यांना कमी-जास्त करायची सोय नसते. त्यांच्याखाली, टाकीच्या झाकणावर, ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी ठेवा. झाकण हवंच, फायटर उडी मारतो.

दुकानदार कधी कधी महागडी, हिरवट झाक नसलेली काच घ्यायला सांगतात. ती काच सुंदर असते, पण तिने छबी कमी होत नाही. अॅक्रिलिकचंही तसंच. आणि गोल बाऊल तर घेऊच नका. वाकड्या काचेत छबी वेडीवाकडी, मोठी होऊन दिसते, कागद लावता येत नाही, आणि त्यात मावणारं चार-पाच लिटर पाणी फायटरला कमीच. निदान पंधरा-वीस लिटरची चौकोनी टाकी हवी.

पाण्याच्या आत

छबीच्या मध्ये काहीतरी आलं की भांडण तुटतं. हार मानणाऱ्याला लपायला गवत हवं तसंच जिंकणाऱ्यालाही नजर तोडायला आडोसा हवा. टाकीचे चारही कोपरे झाडांनी भरा. तिरकी छबी सगळ्यात जास्त कोपऱ्यांत दिसते, दोन काचा मिळतात तिथे. अॅनुबियस आणि जावा फर्न कमी उजेडात जगतात, म्हणून मंद दिव्याच्या टाकीला तीच बरी. अॅनुबियसच्या रुंद पानावर फायटर टेकून झोपतो. ओढ्यातून, तळ्यातून झाडं आणणार असाल तर ती दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. गोगलगायी, जळवा, चतुराच्या अळ्या त्यांतून येतात, आणि चतुराची अळी लहान माशाला खाते. प्लास्टिकचं झाड आणलं तर त्यावरून जुनी शिफॉनची ओढणी फिरवून बघा. ओढणीचा धागा अडकला तर माशाचे परही अडकतील.

वर तरंगणाऱ्या झाडांनी अर्ध्यापर्यंत पृष्ठभाग झाकला की दिव्याचा जोर आपोआप कमी होतो आणि नराला बुडबुड्यांचं घरटं बांधायला आधारही मिळतो. अर्धा मोकळा ठेवायचा, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं. ही झाडं भराभर वाढतात. जास्तीची उपटून खतात टाका. विहिरीत, वहाळात, तळ्यात टाकाल तर ती आवरणार नाहीत. नको झालेला मासाही तिथे सोडू नका.

बदामाच्या पानांचं सांगायलाच हवं, कारण शहरांत लोक ती ऑनलाईन पैसे देऊन मागवतात आणि आपल्याकडे ती रस्त्यावर लोटली जातात. शाळेच्या आवारात, देवळासमोर, समुद्राकाठी जे पसरट फांद्यांचं देशी बदामाचं झाड असतं, तेच हे. आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी, कोरडं पान घ्या. रहदारीच्या रस्त्याकडचं आणि औषध फवारलेल्या बागेतलं नको. धुऊन, उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवून, वीस लिटरला एक मध्यम पान टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो, उजेड मऊ होतो आणि तळाशी पडलेल्या पानाखाली माशाला बसायला जागा मिळते. छबी यानेच जाईल अशी आशा मात्र धरू नका. ही जोडीची गोष्ट आहे. दुसरं असं, की जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं आणि पान पाण्याचा आंबटपणा वाढवतं, म्हणून विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी पानांचा मारा करू नये. एक कुजून जाळी झालं की मग दुसरं. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध घाला.

तळाला गडद खडी किंवा वाळू घाला. पांढऱ्या वाळूवरून वरचा उजेड खालून माशाच्या अंगावर उसळतो आणि छबी उजळते. रत्नागिरीत 'पांढरा समुद्र' आणि 'काळा समुद्र' असे दोन्ही किनारे असल्यामुळे मांडवी किनाऱ्याची काळी वाळू पिशवीत भरून आणायचा मोह होईल. पण किनाऱ्याच्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. त्या चुऱ्याने पाणी हळूहळू जड होत जातं. दुकानातली धुतलेली काळी खडी घ्या. शोभेला जांभ्याचा तुकडा ठेवणारेही आहेत. रंग सुरेख दिसतो, पण त्याच्या भोकांच्या कडा लांब परांना फाडतात. नदीतला गुळगुळीत गोटा बरा.

टाकीच्या बाहेरही एकदा नजर फिरवा. समोर आरशाचं कपाट, चकचकीत स्टीलचा फ्रीज, बंद टीव्हीचा काळा पडदा असेल तर उजळलेली टाकी त्यात दिसते, आणि त्यातला मासाही. दोन फायटरच्या टाक्या शेजारी शेजारी असतील तर मधे पुठ्ठा घालाच. तिथे छबीचा प्रश्न नाही, खराच शत्रू आहे. एका टाकीत पारदर्शक पत्रा घालून दोन नर ठेवण्याचा प्रकार तर करूच नये.

लाईट आणि सुट्टी

रात्री लाईट जाणं, पहाटे येणं हे पावसाळ्यात नेहमीचं. टाकीवरच्या दिव्याचं बटण चालूच राहिलं असेल तर पहाटे तीनला अंधाऱ्या घरात तेवढीच टाकी पेटते आणि झोपेतला मासा एकदम चार आरशांत सापडतो. लाईट गेली की दिव्याचं बटण आठवणीने बंद करा. फिल्टरचं चालू राहू द्या. टायमर लावणार असाल तर आत बॅटरी असलेला घ्या. काट्यांचा साधा टायमर लाईट गेली तेवढा मागे पडतो, आणि मग दिवसाचा दिवा रात्री लागतो.

गणपतीत घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी दिवा सरळ बंद करून जावं आणि खिडकीचा पडदा उघडा ठेवावा. पाच-सहा दिवस दिव्यावाचून झाडांना काही होत नाही. मोठा, धडधाकट फायटर तेवढे दिवस दाण्यांशिवायही राहतो. सुट्टीसाठी म्हणून मिळणाऱ्या दाण्यांच्या वड्या टाकीत टाकू नका, त्या विरघळून पाणी नासवतात. निघायच्या आदल्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदला, झाकण नीट बसवा. गणपती तुमच्याच घरी येत असेल तर मखराच्या लुकलुकत्या माळा आणि मागची चमकी टाकीसमोर येणार नाहीत असं बघा. हॉल लहान असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर तेवढे दिवस पुढच्या काचेवरही खाकी कागद लावा आणि दाणे घालण्यापुरता वर करा.